हात लावता का जी?

"विमानात वरच्या कप्प्यात बॅग ठेवून देणं हे तुमचं काम असतं की नसतं?" नोकरी सुटल्यापासून मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच. लग्नाच्या पंगतीत विचारतात, खामगावच्या बसस्टँडवर विचारतात, एकदा दाताच्या डॉक्टरने माझं तोंड उघडं असतानाच विचारला. मी चोवीस वर्षं विमानात नेमकं करत काय होतो, हे पिंपळगाव राजातल्या लोकांना अजून नीटसं कळलेलं नाही. पायलट नाही, मेकॅनिक नाही, मग कोण? शेवटी शेजारच्या काकूंनी तो घोळ एका वाक्यात मिटवला: "गजानन म्हंजे इमानातला कंडक्टर." मी कधी तक्रार केली नाही, कारण ते बरंचसं खरं आहे.

या अंकाच्या संपादकांनी मला विमानातल्या गमतीजमती लिहायला सांगितल्या आहेत. थोड्या लिहितो. पण मी हो म्हणालो त्याचं कारण वेगळं आहे. मला एका माणसाला निरोप द्यायचा आहे. त्याचं नाव मला माहीत नाही, पत्ता माहीत नाही, गाव संग्रामपूरकडचं एवढंच माहीत आहे. हा अंक तिकडच्या वाचनालयांत जातो असं संपादक म्हणाले, म्हणून लिहायला बसलो.

आधी प्रश्नाचं उत्तर. नाही, बॅग उचलून देणं आमचं काम नसतं. ट्रेनिंगमध्ये पहिल्याच आठवड्यात सांगतात: प्रवाशाने बॅग उचलायची, तुम्ही वर जागा दाखवायची, फार तर आधार द्यायचा. शिकवणाऱ्या बाईंनी आमच्याकडून हे वाक्य पाठ करून घेतलं होतं: "हात लावायचा, उचलायचं नाही." कारण सरळ आहे. एका विमानात पावणेदोनशे माणसं, दिवसाला चार फेऱ्या. प्रत्येकाची बॅग उचलायला लागलो तर महिन्याभरात मणक्याचे मणी मोजायला लागतील. शिवाय उचलताना कंबर गेली तर कंपनी विचारते, कोणी सांगितलं होतं उचलायला?

लोकांच्या बॅगांत काय नसतं! एका बाईंनी लेकीच्या संसारासाठी पाटा-वरवंटा हातातल्या बॅगेत घातला होता आणि वर मला म्हणाल्या, "कपडेच आहेत हो." एका गृहस्थाने बॅगेकडे नुसतं बोट दाखवलं, मग कप्प्याकडे दाखवलं, आणि पेपर उघडला. मीही त्याच्या पेपरकडे बोट दाखवलं, मग बॅगेकडे दाखवलं आणि पुढे गेलो. त्याने माझी तक्रार केली. मला ती तक्रार आवडली होती.

कारण मला तो नियम मनापासून पटला होता, आणि त्यामागे माझे बाबा होते.

बाबांची थोडी शेती होती आणि सीझनमध्ये ते खामगावच्या बाजारात हमाली करत. पोतं वाहणं फार अवघड नसतं, हे त्यांचं म्हणणं. पाठीवर बसलं की माणूस चालतो. अवघड असतं ते जमिनीवरून पाठीवर घेणं, तिथे दुसऱ्याचे हात लागतातच. म्हणून आमच्याकडे डोक्यावर भारा असो की पाठीवर पोतं, रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही म्हणायचं, "हात लावता का जी?" आणि त्याने थांबायचं. याला नाही म्हणत नाहीत. आमच्या गावात बांधावरून अबोला धरलेले दोन भाऊ होते. एकाने दुसऱ्याला कडब्याच्या पेंढ्या डोक्यावर चढवायला हात लावलेला मी पाहिला आहे. पेंढ्या चढवल्या आणि दोघं न बोलता दोन दिशांना गेले.

पण मला नोकरी लागली त्या दिवशी बाबा म्हणाले होते, "एक कर. कोनाचं वझं उचलू नको. म्या उचललं तेवढं बस झालं आपल्या घराले." त्यांची पाठ तेव्हाच कमानीसारखी झाली होती. मी ते धरून ठेवलं. इस्त्रीचा गणवेश घालून विमानात उभं राहिलो की मला वाटायचं, हमालाचा पोरगा आता कोणाचं ओझं उचलत नाही. मी वऱ्हाडी बोलणंही सोडलं होतं.

तो माणूस आला तेव्हा नोकरीची सतरा-अठरा वर्षं झाली होती. दुपारचं विमान होतं, मुंबईहून वाराणसी. पांढरं धोतर, टोपी, सत्तरीच्या पुढचं वय, छातीशी धरलेली निळी रेक्झिनची बॅग. त्याची जागा सतरा-बी, म्हणजे मधली. शेजारची सतरा-ए, खिडकीची, रिकामी राहिली होती. त्याने बॅग खिडकीच्या जागेवर ठेवली आणि आपला हात तिच्यावर ठेवून बसला.

उड्डाणाच्या वेळी सीटवर बॅग चालत नाही. मी हिंदीत म्हणालो, "बाबाजी, बॅग ऊपर रखिए."

तो उठला. बॅग छातीपर्यंत आली, त्याच्या वर जाईना. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हात लावता का जी?"

इतक्या वर्षांत विमानात ते शब्द मी पहिल्यांदा ऐकले. पण मी हिंदीतच म्हणालो, "हम लोग उठा नहीं सकते, नियम है."

कडेच्या सीटवरच्या तरुणाने मोबाइलमधून डोकं वर काढलं, माझ्या छातीवरची पट्टी वाचली आणि म्हातार्‍याला ऐकवलं, "गजानन नाव आहे त्यांचं." मदत मात्र केली नाही. म्हातार्‍याचा चेहरा उजळला. "गजानन? मंग तं आपल्याकडलेच तुमी. मी संग्रामपूरकडचा. तुमी कोन्या गावचे?"

"मैं मुंबई से हूँ," मी म्हणालो.

मागे रांग खोळंबली होती. मी म्हटलं, वर जात नसेल तर समोरच्या सीटखाली ठेवा.

"खाली नाही ठेवता येत जी त्याले," तो म्हणाला.

त्याले. बॅगेला कोणी 'त्याले' म्हणत नाही, हे मला कळत होतं. बॅगेची चेन अर्धवट उघडी होती आणि आत लाल कापडाची गाठ दिसत होती. ती मी पाहिली नव्हती असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत राहिलो. पाहिली होती. पण दार बंद करायची वेळ झाली होती. मी त्याच्या हातातून बॅग घेतली, खाली ठेवली आणि बुटाच्या टोकाने सीटखाली सरकवली. बॅगा तशाच सरकवायची सवय असते आम्हाला. म्हातारा माझ्या बुटाकडे बघत राहिला. मग हळूच खिडकीच्या रिकाम्या जागेकडे वळून म्हणाला, "बस बापू. निंगते आता."

दार बंद झालं की आम्ही माणसं मोजतो. हातात छोटं यंत्र असतं, एकेका डोक्याला अंगठ्याने टिक करत मागे जायचं. कागदावरचा आकडा आणि यंत्रावरचा आकडा जुळला की विमान हलतं. त्या दिवशी माझा आकडा एकाने जास्त आला. पुन्हा मोजलं, पुन्हा एक जास्त. आमच्या मुख्य बाईंनी मोजलं, त्यांचं बरोबर आलं. "कुणाच्या मांडीवरचं मूल मोजलं असशील," त्या म्हणाल्या. त्या विमानात मांडीवर एकही मूल नव्हतं.

वाराणसीला सगळे उतरले, म्हातारा सोडून. त्याने बॅग काढून छातीशी धरली, वाटेत उभा राहिला आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "चाल बापू. उतराचं आता. गंगा जवळच हाये इथून."

आमच्या भागात काही घरांत ही रीत आहे. अस्थी नेताना त्या माणसाला सोबत घेऊन गेल्यासारखं बोलत जायचं. पूल आला, चला. गाडी बदलायची आहे, उतरा. सांगितलं नाही तर तो मागे राहतो म्हणतात. बॅग कुठे जमिनीवर ठेवायची नाही, आणि प्रत्येक ठिकाणी तो उठेपर्यंत थांबायचं. मी हे लहानपणी पाहिलेलं होतं. त्या विमानात हे कळणारा मी एकटाच होतो.

दारात सफाईवाले उभे होते. अर्ध्या तासात विमान परत जायचं होतं. मी म्हणालो, "जल्दी कीजिए बाबाजी."

"दम धरा जी. तो उठला नाही अजून."

मी त्याच्या कोपराला धरून त्याला पुढे काढलं. तो चालता चालता मागे वळत होता आणि सांगत होता, मला की दुसऱ्या कोणाला कोण जाणे: "पोरगा माहा. मास्तर होता. पोरायले फळ्यावर इमानाचं चित्र काढून दाखवे. बसला नाही कधी. रेल्वेनं नेलं असतं मी, पन त्याले इमानात बसाची लय हौस होती. म्हनून आनलं." शिडीच्या वरच्या पायरीवर तो थांबला आणि आत बघून मोठ्याने हाक मारली, "बापू, ये ना रे!" खाली बस हॉर्न देत होती. मी हात जोडून त्याला खाली उतरवलं. बसच्या काचेतून तो विमानाकडेच बघत होता.

परतीच्या फेरीत मी मोजलं. एक जास्त.

मी भुताच्या गोष्टी सांगत नाही, मोजलं ते सांगतो. त्या विमानाच्या शेपटीवरची नोंदणीची अक्षरं मी लिहून ठेवली. पुढे इतर विमानांत माझा आकडा नेहमी जुळायचा. त्या विमानात मी मोजलं की एक जास्त यायचा. सतराव्या रांगेतली माणसं मी हाताने स्पर्श करून मोजली, तरी यंत्र एक पुढे असायचं. मग मी बाकीचं बघायला लागलो. उन्हात उभ्या विमानाच्या सगळ्या खिडक्यांच्या झडपा आम्ही खाली ओढतो, आत तापू नये म्हणून. सतरा-एची झडप मी स्वतः ओढायचो आणि प्रवासी चढायच्या आत ती वर असायची. तिथे बसणाऱ्यांपैकी दर चार-सहा फेऱ्यांनी कोणीतरी जागा बदलून मागायचं. कारण एकच असायचं, सीट गरम लागते. नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी.

आणि सतराव्या रांगेवरचा कप्पा. या नव्या विमानांत नुसतं झाकण उघडत नाही, अख्खा कप्पाच पाळण्यासारखा खाली येतो. त्यात बॅगा ठेवायच्या आणि बॅगांसकट वर ढकलून बंद करायचा. म्हणजे बॅग उचलायची नाही हा नियम, पण चार बॅगा भरलेला कप्पा वर ढकलायचा तो आम्हीच. नियम करणाऱ्यांनी कधी कप्पा बंद केलेला नसतो. ते असो. तो कप्पा रिकामा असला तरी मला एकट्याला वर जात नसे. आत हात फिरवून बघायचो, काही नसायचं. मेकॅनिकने दोनदा बिजागरी बदलली. दुसऱ्यांदा तो म्हणाला, "बिजागरी ठीक आहे साहेब. वजन आहे." मग आत वाकून बघितलं आणि सही करून गेला.

मला त्या विमानाची भीती वाटायची. ड्युटीच्या यादीत त्याची अक्षरं दिसली की जेवण जात नसे. पण भीतीपेक्षा शरम जास्त होती. कोणीतरी तिथे बसून होतं आणि त्याच्या बापाने त्याला पूर्ण हाक मारलेली नव्हती, कारण मी मारू दिली नव्हती.

सुट्टीत घरी आलो तेव्हा बाबांना सगळं सांगितलं. ते अंगणात खाटेवर होते. आकडा, झडप, कप्पा, सगळं ऐकून घेतलं. त्यावर त्यांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं ते हे:

"त्यानं 'हात लावता का' म्हटलं?"

"हो."

"अन् तू लावला नाही?"

"उचलायचं नाही असा नियम आहे, बाबा. तुम्हीच तर म्हणाला होतात, कोणाचं वझं उचलू नको."

"उचलू नको म्हटलं. हात लावू नको कवा म्हटलं?" मग विचारलं, "मंग थे बॅग खाली कशी गेली?"

मी सांगितलं. बुटाने.

बाबांनी माझ्या पायांकडे पाहिलं. "मानूस हात लावाले सांगते, अन् तू पाय लावतं?" एवढंच बोलले. ते मला कधीच रागावले नव्हते, तेव्हाही आवाज चढला नाही. मी सांगतो, चढला असता तर बरं झालं असतं.

त्यांनी मला सांगितलं, "बलाव त्याले तूच." मी बलावलं. पुढच्या वेळी वाराणसीला विमान रिकामं झाल्यावर सतराव्या रांगेपाशी उभा राहून, कोणी बघत नाही असं बघून, कित्येक वर्षांनी वऱ्हाडीत बोललो: "चाला मास्तर. उतराचं आता. चुकलं माह्यं." झडप वरच होती. परतीला मोजलं, एक जास्त.

हे सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "तुह्या बलावन्यानं काऊन उठन तो? त्याले बापाची हाक पाह्यजे."

मग बाप शोधायचा होता. कंपनी प्रवाशांची नावं देत नाही, आणि ते योग्यच आहे. मी सुट्टी काढून संग्रामपूरच्या बाजारात दोन दिवस फिरलो, शाळाशाळांत विचारलं, कोणी मास्तर वारले का, वडील अस्थी घेऊन विमानाने गेले होते का. लोक माझ्याकडे संशयाने बघायचे. एका शाळेतल्या शिपायाने विचारलं, "तुमी इमा कंपनीचे काय?" म्हणजे विम्याचे. शेवटी हात हलवत परत आलो.

तेव्हापासून मी प्रत्येक म्हातार्‍या माणसाची बॅग उचलायला लागलो. नियम गेला खड्ड्यात. सहा वर्षं उचलल्या. सहकारी वेडा म्हणायचे. आणि एक दिवस एका आजीची बॅग वर ढकलताना कमरेत कट्‌ असा आवाज झाला आणि मी वाटेतच गुडघ्यावर बसलो. कंपनीचं पत्र आलं, नियमाबाहेर जाऊन स्वेच्छेने उचलल्यामुळे वगैरे. त्यांचं चूक नव्हतं. पट्टा लावून घरी आलो. बाबांनी माझी कंबर बघितली आणि हसले. "शेवटी हमालच झाला तू."

गेल्या वर्षी बाबा आजारी पडले. उठता येईना तेव्हा एक दिवस मला जवळ बसवून म्हणाले, "मास्तर अजून तितंच अशीन का रे?"

मी म्हणालो, माहीत नाही.

"मी गेलो का मले रेल्वेनं नेऊ नको. त्याच इमानात ने, त्याच जागेवर. त्याले उठवाले बाप पाह्यजे ना? मी बी बापच हावो." मग डोळे मिटून म्हणाले, "जल्मभर उचललं म्या. एक मास्तर उचलाले काय लागते?"

मी त्यांना म्हणालो असलं बोलू नका. पंधरा दिवसांनी ते गेले.

विमान निवडून मिळत नाही. जुन्या सहकार्‍याला फोन केला, त्याने ते विमान कोणत्या दिवशी वाराणसीला जाणार ते बघून सांगितलं, पण शेवटच्या क्षणी बदलू शकतं हेही सांगितलं. तिकीट काढलं, सतरा-बी. शेगावहून रेल्वेने मुंबईला गेलो. बॅग मांडीवर, स्टेशन आलं की सांगत होतो, "बाबा, भुसावळ आलं. बाबा, उतरायचं आता, चला." डब्यातली माणसं आधी बघायची, मग नजर वळवायची.

विमान तेच आहे का, हे शिडीवरून कळेना. नवा रंग दिलेला होता, गर्दीत शेपटीची अक्षरं दिसली नाहीत. आत शिरलो, सतराव्या रांगेशी आलो. बाकी सगळ्या खिडक्यांच्या झडपा खाली होत्या. सतरा-एची वर होती.

खिडकीच्या जागेवर एक माणूस येऊन बसला. दोन मिनिटांत उठून म्हणाला, सीट गरम आहे, मागे जागा आहे का बघतो. गेला तो आलाच नाही.

मला बॅग वर ठेवायची होती आणि माझी कंबर बॅग छातीच्या वर जाऊ देत नव्हती. विमानातली बाई आली, चाळिशीची असेल, कानाजवळचे केस पिकलेले. तिने बॅगेकडे पाहिलं. आम्ही चेहरे बघत नाही, बॅगा बघतो, मला माहीत आहे. मी तिला काहीतरी नीट मराठीत सांगणार होतो आणि तोंडातून निघालं, "हात लावता का जी?"

"काय म्हणालात?"

"उचलू नका तुम्ही. नुसता हात लावा. खाली ठेवता येत नाही त्याले."

तिने आता माझ्या चेहर्‍याकडे पाहिलं. मग उघड्या चेनमधल्या लाल कापडाकडे. मागे रांग खोळंबली होती. तिने बॅगेच्या खाली दोन्ही हात लावले, माझ्या हातांच्या शेजारी, आणि आम्ही दोघांनी बाबांना वर ठेवलं. मला तिथेच रडू आलं, मी ते लपवलं नाही.

कप्पा बंद करायला तिने एका सहकार्‍याला हाक मारली. दोघांनी खांदे लावून तो वर ढकलला. "हा कप्पा असाच आहे," ती मला म्हणाली, माफी मागितल्यासारखी.

दार बंद झालं. ती मोजत मागे गेली, मोजत पुढे आली, यंत्राकडे बघून पुन्हा मागे गेली. तिसऱ्यांदा माझ्याजवळून जाताना ती सहकार्‍याला हळूच म्हणाली, "दोन जास्त येताहेत." मी डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं एक येत होता.

विमान उतरलं. सगळे गेले. तिने स्वतःच येऊन कप्पा खाली ओढला आणि न सांगता बॅगेला हात लावला. मी बॅग छातीशी धरली आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.

"बाबा, आलं जी. उतराचं आता." मी मोठ्याने बोललो. "अन् मास्तरलेही घ्या संगं. लय दिवसाचे बसले हायेत ते. हात लावा त्यायले, बाबा."

दारात सफाईवाले आले. एकाने आत पाऊल टाकलं. मी त्या बाईकडे पाहिलं आणि म्हणालो, "थोडा दम धरा."

तिने दाराकडे हात करून सफाईवाल्यांना थांबवलं आणि तसाच हात आडवा धरून उभी राहिली. किती वेळ ते सांगता येणार नाही. मला काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. फक्त एकदा वाटेतून कोणीतरी अंग चोरून पुढे गेल्यासारखी हवा हलली, आणि मागोमाग दुसऱ्यांदा.

मी चालायला लागलो. मागे ती कप्पा बंद करायला वळली. सवयीने तिने सगळा जोर लावला आणि कप्पा असा काही आपटला की सफाईवाले दचकले. मी वळून पाहिलं. ती आपल्या हातांकडे बघत होती. तिने कप्पा पुन्हा खाली ओढला आणि या वेळी दोन बोटांनी ढकलला. तो वर जाऊन गपकन बसला.

"रोज दोघं लागतात ह्याला," ती म्हणाली.

गंगेच्या काठावर बाबांचं सगळं करून झाल्यावर मी मास्तरांच्या नावाने एक ओंजळ पाणी सोडलं. नाव माहीत नव्हतं, मास्तर म्हणूनच सोडलं.

तर संग्रामपूरकडचे जे कोणी हे वाचत असतील, त्यांनी आपल्या गावात विचारावं. कोणा म्हातार्‍याचा पोरगा मास्तर होता का, फळ्यावर विमान काढायचा का, आणि त्याच्या अस्थी बापाने विमानातून नेल्या होत्या का. म्हातारा हयात असेल तर त्याला हे वाचून दाखवावं. तो नसेल तर त्याच्या घरी कोणाला तरी सांगावं.

जी, मी मुंबईचा नाही. पिंपळगाव राजाचा हावो. तुमचा बापू उतरला.